प्रकाश न विझवता मोजण्याविषयी

जयपूरच्या जंतरमंतरातले मोठे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या शंकूची भिंत जयपूरच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे जवळजवळ २७ अंशांच्या कोनात ध्रुवाच्या दिशेने चढत जाते. तिची सावली दोन्ही बाजूंच्या चापांवरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने सरकते, आणि चापांवरच्या सर्वांत बारीक खुणा दोन सेकंदांच्या आहेत. एवढी आकडेवारी वाचून माणूस समजतो की हे यंत्र दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगत असणार. प्रत्यक्षात सावलीकडे नीट पाहिले तर तिला रेघेसारखी कड नाही. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्धा अंश व्यापणारी तबकडी आहे, आणि अर्धा अंश सरकायला आकाशाला दोन मिनिटे लागतात. त्यामुळे गडद सावली आणि स्वच्छ ऊन यांच्यामध्ये काही बोटे रुंदीची उपच्छाया पसरलेली असते. जुने ज्योतिषी चापावर ताणलेली दोरी किंवा बारीक काडी धरून, तिची स्वतःची सावली कुठे विरते हे पाहून, या धूसर पट्ट्यातून काही सेकंदांपर्यंतची वेळ काढत असत. ते कौशल्य थोर होते. पण पुढच्या सगळ्या विवेचनाला ज्याचा आधार घ्यायचा आहे ती गोष्ट वेगळी आहे: यंत्र दुप्पट मोठे केले तर उपच्छायाही दुप्पट रुंद होते. मापाची मर्यादा दगडात नव्हती. ती प्रकाशात होती, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाच्या रीतीत होती.

सवाई जयसिंहांनी (१६८८–१७४३) दगडाची वाट का धरली, हे त्यांनीच ‘जीज-ए-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांवर कलांच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांच्या, बारीक खुणा करता येत नाहीत, आस झिजतात आणि केंद्रे ढळतात, अशी त्यांची तक्रार होती. ती रास्त होती. म्हणून दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथे चुना-दगडाची भव्य यंत्रे उभी राहिली. त्यांच्या पदरी असलेले महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी टॉलेमी आणि युक्लिड यांचे ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले. ‘सिद्धान्तसम्राट’ आणि ‘रेखागणित’ ही त्यांची नावे. या वेधशाळांबाबत इतिहासकारांचा एक आक्षेप नेहमी येतो: युरोपात दुर्बीण वापरात येऊन शतक उलटले असताना दगडाची यंत्रे बांधणे हा उलटा प्रवास नव्हता का? मला हा निवाडा घाईचा वाटतो. जयसिंहांना दुर्बीण ठाऊक होती, त्यांनी पोर्तुगालला मंडळ पाठवून ला हीर या ज्योतिर्विदाची कोष्टके मागवली आणि ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली. शिवाय जंतरमंतरातच आकार वाढवण्यापेक्षा निराळे उत्तर दडलेले आहे. सम्राट यंत्राच्या चापांना आधार देणाऱ्या बांधकामात षष्ठांश यंत्राच्या अंधाऱ्या खोल्या आहेत. माध्यान्ही छतातल्या बारीक छिद्रातून सूर्याची गोल प्रतिमा आतल्या कंसावर पडते. सावलीची कड शोधायची नाही, सूर्याचे चित्रच घ्यायचे. तोच सूर्य आणि तोच प्रकाश असताना प्रश्न बदलला, आणि उपच्छायेची अडचण बाजूला पडली.

जंतरमंतराला क्वांटम विज्ञानाचे पूर्वरूप ठरवण्याचा माझा हेतू नाही. तसले दावे जयसिंहांनाही न्याय देत नाहीत आणि आजच्या प्रयोगशाळांनाही. पण या ग्रंथाचा विषय, म्हणजे थंड करून सापळ्यात धरलेल्या अणूंनी प्रकाशाचे मापन, समजून घ्यायला याहून चांगला उंबरठा मला ठाऊक नाही. माझे म्हणणे एका वाक्यात असे: मापनाने होणारा व्यत्यय नाहीसा करता येत नाही, पण तो कुठे पडावा हे ठरवता येते, आणि प्रकाशाच्या बाबतीत हे ठरवण्याचे सामर्थ्य थंड, स्थिर अणूमुळे हाती आले.

प्रकाश कणाकणाने येतो, हे आता शाळेतही शिकवतात. एका मिलीवॉटच्या लाल लेसरमधून दर सेकंदाला सुमारे ३२ लाख अब्ज फोटॉन निघतात. इतक्या गर्दीत एकेका कणाची दखल लागत नाही. पण झोत मंद करत नेला की मोजणीत चढउतार दिसू लागतात. एखाद्या क्षणभरात सरासरी शंभर फोटॉन यायचे असतील, तर प्रत्यक्षात कधी नव्वद येतात, कधी एकशेदहा. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो आणि उपकरण कितीही सुबक केले तरी साध्या लेसरप्रकाशात तो उरतोच. त्यातच आणखी एक गोष्ट मिसळते, जी सवयीमुळे आपल्या ध्यानात येत नाही. डोळ्याचा पडदा असो, कॅमेऱ्याची चकती असो वा अतिसंवाहक तारेचा अद्ययावत शोधक असो, फोटॉन मोजला म्हणजे तो गिळला. त्याची ऊर्जा एखाद्या इलेक्ट्रॉनला मिळते, विद्युतस्पंद उमटतो आणि प्रकाश संपतो. क्वांटम सिद्धान्ताची पाठ्यपुस्तके सांगतात की मापनानंतर वस्तू मोजलेल्या स्थितीत राहते आणि पुन्हा मोजले तर तेच उत्तर येते. प्रकाशाच्या बाबतीत हे विधान पडताळायची सोयच नव्हती, कारण दुसऱ्यांदा मोजायला काही शिल्लकच राहत नसे.

फोटॉन गिळणे ही क्वांटम नियमांची अट नाही, एवढे मात्र सिद्धान्त स्पष्ट सांगतो. अट निराळी आहे. फोटॉनांची संख्या नेमकी कळली की प्रकाशलहरीची कला, म्हणजे तिचे शिखर कोणत्या क्षणी येते हे, अनिश्चित झालेच पाहिजे. मॉस्कोचे व्लादिमीर ब्रागिन्स्की यांनी १९७०च्या दशकात गुरुत्वीय लहरींच्या शोधयंत्रांचा विचार करताना या अटीतली सवलत ओळखली. व्यत्यय जर सगळा कलेवर पडला आणि संख्येला लागलाच नाही, तर संख्या कितीही वेळा मोजता येईल. त्यासाठी प्रकाशाशी संवाद साधणारे, पण त्याची ऊर्जा न घेणारे काहीतरी हवे. अणू हे काम करू शकतो, कारण फोटॉन न शोषताही त्याच्या नुसत्या सान्निध्याने अणूच्या दोन अवस्थांमधला ताल सरकतो. तो ताल वाचला की फोटॉन होता की नव्हता हे कळते.

मग अणू थंड का हवा? इथे आकड्यांपाशी थांबणे भाग आहे, कारण सगळी बाजू त्यांत आहे. रुबिडियमचा अणू ७८० नॅनोमीटरच्या, म्हणजे दृश्य लाल रंगाच्या जरा पलीकडच्या प्रकाशाला प्रतिसाद देतो. दोन आरशांमध्ये असा प्रकाश उभी लहर करून राहतो तेव्हा लहरीचे सर्वांत प्रबळ स्थान आणि अगदी शून्य स्थान यांत १९५ नॅनोमीटरचे अंतर असते. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे २७० मीटर धावतो, म्हणजे हे अंतर तो एका नॅनोसेकंदाच्या आत ओलांडतो. उलट अणूचा प्रकाशाला मिळणारा स्वाभाविक प्रतिसाद सुमारे २६ नॅनोसेकंदांचा. तेवढ्या वेळात तो लहरीची सुमारे अठरा शिखरे मागे टाकून गेलेला असतो. अशा अणूला प्रकाश किती भेटला हे त्यालाच ठरवता येत नाही, तर तो आपल्याला काय सांगणार? १९७५मध्ये हेन्श आणि शॉलो यांनी सुचवले की अणूच्या गतीविरुद्ध योग्य रंगाचा लेसर टाकला तर प्रकाशाच्या धक्क्यांनीच तो मंदावेल. रुबिडियमच्या वेगात एका फोटॉनच्या धक्क्याने सेकंदाला जेमतेम सहा मिलिमीटर इतका फरक पडतो, त्यामुळे त्याला थांबवायला असे पंचेचाळीस हजार धक्के लागतात. १९८५मध्ये स्टीव्हन चू यांच्या गटाने सोडियमचे अणू एका अंशाच्या दोन-अडीच दहासहस्रांशांइतक्या निरपेक्ष तापमानावर आणले. पुढे विल्यम फिलिप्स यांच्या गटाला ते आणखी थंड आढळले आणि क्लोद कोहेन-तानूजी यांनी त्याची उपपत्ती दिली. तिघांना १९९७चे नोबेल मिळाले. या प्रयोगांत बर्फ नसतो, द्रव हीलियमही नसतो. काचेच्या निर्वात कुपीच्या भिंती खोलीइतक्याच उबदार असतात आणि मधोमध तरंगणारा अणूंचा ढग मात्र परमशून्याला खेटलेला असतो.

थंड करणे पुरेसे नाही, धरून ठेवणेही लागते. एका अंशाच्या दहासहस्रांश तापमानालाही रुबिडियम सेकंदाला सुमारे पंधरा सेंटिमीटर सरकतो आणि ते १९५ नॅनोमीटर एका मायक्रोसेकंदाच्या आसपास पार करतो. म्हणून दुसऱ्या, अणूच्या आवडीपासून दूरच्या रंगाच्या लेसरने त्याला एका जागी कोंडून ठेवतात. थंडी आणि सापळा या दोन्ही गोष्टी प्रकाशानेच होतात, आणि मग त्या अणूने पुन्हा प्रकाश मोजायचा. हे वर्तुळ मला या क्षेत्रातले सर्वांत सुंदर काम वाटते.

पहिला निर्णायक पुरावा मात्र थंड अणूंनी दिला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये सर्ज हारोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट मांडणी केली. त्यांनी अणू धावते ठेवले आणि प्रकाश कोंडला. अतिसंवाहक नायोबियमचे दोन आरसे २.७ सेंटिमीटर अंतरावर ठेवून ते ०.८ केल्विनपर्यंत थंड केले. त्यांच्यामध्ये सूक्ष्मलहरींचा एक फोटॉन सरासरी १३० मिलीसेकंद, म्हणजे एक अब्जाहून अधिक परावर्तने करत राहिला. तेवढ्या वेळात त्याने जवळजवळ पृथ्वीच्या परिघाइतका प्रवास केला. फुगवलेल्या कक्षेतले रुबिडियमचे अणू एकामागून एक त्या पोकळीतून गेले, आणि प्रत्येकाने फोटॉनला न गिळता त्याची बातमी आणली. २००७मध्ये या गटाने एका फोटॉनचा जन्म आणि मृत्यू एकाच सलग नोंदीत दाखवला. पुन्हापुन्हा मोजूनही उत्तर तेच येत राहिले. पाठ्यपुस्तकातले विधान प्रकाशापुरते प्रथमच डोळ्यांसमोर आले. हारोश यांना २०१२चे नोबेल मिळाले, सापळ्यातल्या आयनांवर काम करणाऱ्या डेव्हिड वाइनलँड यांच्याबरोबर.

पण कोंडलेला सूक्ष्मलहरींचा फोटॉन आणि वाटेने चाललेला दृश्यप्रकाशाचा फोटॉन यांत मोठे अंतर आहे. बातमी घेऊन जातो तो दुसरा. त्याला अडवता येत नाही, एकदाच भेटता येते, आणि भेटीचा क्षण आपल्या हातात नसतो. तेव्हा पाहणारा जागेवर हवा, खिळलेला हवा. म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये मॅक्स प्लांक क्वांटम प्रकाशशास्त्र संस्थेत गेर्हार्ड रेम्पे यांच्या गटाने २०१३मध्ये हेच केले. अर्ध्या मिलिमीटर अंतरावरच्या दोन आरशांमध्ये रुबिडियमचा एकच अणू धरला. त्याच्या तळाच्या दोन अवस्थांपैकी एकीत असताना अणू पोकळीतल्या प्रकाशाशी इतका घट्ट जोडला जातो की बाहेरून आलेला फोटॉन आत शिरूच शकत नाही, आरशावरून परत फिरतो. दुसऱ्या अवस्थेत अणू त्या प्रकाशाला दिसतच नाही. फोटॉन आत जातो, बाहेर येतो आणि येताना त्याची कला अर्ध्या लहरीने उलटलेली असते. आता अणूला दोन्ही अवस्थांच्या अध्यारोपणात, म्हणजे एकाच वेळी दोन्हींत, ठेवा. फोटॉन दोन्ही परींनी परतच येतो, शोषला कधीच जात नाही, पण त्याच्या येऊन जाण्याने अध्यारोपणाचे चिन्ह बदलते. नंतर अणूला सवडीने विचारायचे. मंद लेसरस्पंदांवर घेतलेल्या त्या चाचणीत फोटॉन ओळखण्याची कार्यक्षमता ७४ टक्के होती आणि भेटीनंतर फोटॉन वाचण्याचे प्रमाण ६६ टक्के.

इथे आक्षेप सुरू होतात आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला तत्त्वाचा: न दुखावता मोजणे म्हणजे अनिश्चितता तत्त्वाला फसवणे नाही का? नाही. पॅरिसच्या प्रयोगात फोटॉनांची संख्या जसजशी पक्की होत गेली तसतशी लहरीची कला विखुरत गेली, आणि ती विखुरली नसती तरच तत्त्व मोडले असते. हिशेब पूर्ण चुकता होतो, फक्त तो आपल्याला नको असलेल्या खात्यात पडतो. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: अतिसंवाहक तारांचे शोधक नव्वद टक्क्यांहून अधिक फोटॉन पकडतात, मग ७४ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? केवळ ‘फोटॉन आला होता का’ एवढेच विचारायचे असेल तर खटाटोप खरोखर नको, तारच वापरावी. पण ७४ आणि ९० यांची तुलना एका मापावर होत नाही. तारेपाशी फोटॉन संपतो. अणूपाशी तीनातले दोन फोटॉन पुढे जातात आणि पुढच्या अणूला पुन्हा भेटू शकतात. हरवणारा तिसराही क्वांटम नियमामुळे हरवत नाही, आरशांत आणि मांडणीत हरवतो, आणि ती उणीव कारागिरीने कमी होणारी आहे. पितळी यंत्राची झीज आणि सूर्याची उपच्छाया यांत जो फरक जयपूरच्या आवारात दिसतो, तोच हा. एक दोष घडणीचा असतो, एक निसर्गाचा, आणि कोणता कुठला हे ओळखणे हा मापनशास्त्राचा अर्धा अभ्यास आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो माझ्या मुख्य विधानालाच भिडतो: अणू थंड असलेच पाहिजेत असे कुठे आहे? कोपनहेगनमध्ये युजीन पोल्झिक यांच्या गटाने काचेच्या कुपीतल्या न थंडावलेल्या सिझियमच्या वाफेने फार सूक्ष्म क्वांटम मापने केली आहेत. २०१७मध्ये त्यांनी एका पातळ पडद्याचे कंपन प्रकाशाने मोजले आणि प्रकाशाच्या धक्क्यामुळे येणारा गोंगाट अणुसमूहाच्या साहाय्याने काही प्रमाणात रद्द करून दाखवला. हे खरे आहे आणि यामुळे माझे विधान मला आवरून घ्यावे लागते. असंख्य अणू एकत्र बोलतात तेव्हा एकेकाची धावपळ सरासरीत विरते, आणि अशा कामाला उष्ण वाफ चालते, कधी तीच सोयीची असते. पण एक फोटॉन, एक अणू आणि एकच भेट असा प्रश्न असेल तिथे सरासरी काढायला काही नसते. तिथे १९५ नॅनोमीटरचा हिशेब टाळता येत नाही. थंड अणू सर्व मापनांसाठी अपरिहार्य आहे असे मी म्हणत नाही. एकेका वाटसरू फोटॉनला न विझवता ओळखायला तो अपरिहार्य आहे असे म्हणतो.

चौथा आक्षेप आपल्याकडचा आहे. हे पॅरिस-म्युनिकचे उद्योग, मराठी वाचकाने त्यांत का शिरावे? याचे उत्तर अभिमानाने देण्यापेक्षा भूगोलाने द्यावे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये रुबिडियमचे अणू बोस-आइन्स्टाइन संघननापर्यंत थंड केले जातात. पुण्याच्याच आयुकात सापळ्यात धरलेल्या यटर्बियमच्या आयनावर प्रकाशीय घड्याळाचे काम चालू आहे. ६००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला २०२३मध्ये मंजुरी मिळाली, आणि तिचे संवेदन व मापन केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आले. त्याच वर्षी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या शोधयंत्राला सुमारे २६०० कोटींची मान्यता मिळाली. लायगोची अमेरिकेतली यंत्रे २०१९पासून नियमितपणे ‘पिळलेला’ प्रकाश वापरतात. त्यात प्रकाशाचा गोंगाट एका राशीतून कमी करून तिच्या जोडराशीत ढकलला जातो. तिथे अणू नाहीत, पण व्यत्यय कुठे पडावा हे ठरवण्याचे तत्त्व तेच आहे. मराठवाड्यातले जे विद्यार्थी पुढे त्या यंत्रावर काम करतील, त्यांच्यापैकी काहींनी हा विचार आधी आपल्या भाषेत वाचलेला असावा, ही इच्छा या लेखनामागे आहे.

शेवटी पुन्हा जयपूर, पण आता दिल्लीच्या वाटेसकट. सम्राट यंत्रावर वाचलेली वेळ स्थानिक सौर वेळ असते. भारतीय प्रमाणवेळेशी ती जुळवायला रेखांशापोटी सुमारे २७ मिनिटे आणि दिवसानुसार बदलणारी आणखी काही मिनिटे हिशेबात घ्यावी लागतात. ती प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सिझियमच्या अणूंवरून राखते, आणि तिथे लेसरने थंड केलेल्या सिझियमचे कारंजे-घड्याळही उभारले गेले आहे. म्हणजे वेळेच्या बाबतीत थंड अणू केव्हाच कामाला लागले. प्रकाशातून पाठवलेल्या क्वांटम संदेशाच्या बाबतीत मात्र खरी अडचण अजून उभी आहे. उत्तम काचतंतूतही दर किलोमीटरला ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो. जयपूर ते दिल्ली २७० किलोमीटरचा तंतू धरला तर दहा लाख फोटॉनांतले चारच पोचतील. साध्या संदेशाला वाटेत प्रवर्धक लावता येतो, क्वांटम संदेशाला लावता येत नाही, कारण त्याची नक्कल होत नाही. अशा वेळी वाटेतल्या ठाण्यावर फोटॉन अजून जिवंत आहे का एवढेच, त्यातला मजकूर न वाचता आणि तो न विझवता, विचारता आले तर हरवलेल्या फोटॉनांची व्यर्थ वाट पाहणे वाचते. रेम्पे यांच्या गटाने २०२१मध्ये याच दिशेचे पाऊल टाकले. दोन एकमेकांना छेदणाऱ्या तंतु-पोकळ्यांच्या मधोमध एक अणू धरून त्यांनी संदेशवाहक फोटॉन त्याचा मजकूर बव्हंशी अबाधित ठेवून ओळखला. रुबिडियमचा ७८० नॅनोमीटरचा प्रकाश लांबच्या तंतूला मानवत नाही, त्याचा रंग वाटेत बदलावा लागतो. आरशांतली गळती अजून मोठी आहे. शिवाय एक अणू सापळ्यात दीर्घकाळ टिकवणे हे अजूनही कसबी हातांचे काम आहे. पुढची प्रकरणे याच तीन अडचणींच्या क्रमाने लिहिली आहेत. ज्यांना गणिताची धास्ती वाटते त्यांनी पोकळीतल्या अणूचे समीकरण पहिल्या वाचनात ओलांडून सरळ गार्चिंगच्या आरशांपाशी जायला हरकत नाही.